मातीच्या पोलवरची मशाल

या पानावरचे अनुभव मी नियमित वाचते, पण खरं सांगू का... हसायला. चिंचेवरची बाई, मागून येणारे पैंजण, बंद खोलीतला अत्तराचा वास! शाळेच्या स्टाफरूममध्ये डबा खाताना मी ते मोठ्याने वाचून दाखवते आणि आम्ही सगळ्या खिदळतो. मी अकरावी-बारावीला गणित शिकवते. असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधी नव्हता, आजही नाही. तरी मीच लिहायला बसलेय. हसायचं असेल तर खुशाल हसा, फक्त शेवटपर्यंत वाचून मग हसा.

आणखी एक. आम्ही बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात पिंड नाही, श्राद्ध नाही, कावळ्याला घास नाही. आत्मा म्हणून काही नाहीच, तर तो भटकणार कुठून? बाबा तर यात माझ्याही दोन पावलं पुढे. वीज मंडळात लाईनमन म्हणून लागले आणि लाईन इन्स्पेक्टर होऊन रिटायर झाले. पाटनकडच्या एका पोलवर चुडैल बसते म्हणून गँगमधलं कोणी दुरुस्तीला चढेना, तेव्हा बाबा स्वतः चढले आणि तारेत अडकलेली लाल ओढणी घेऊन उतरले. पुढे दोन वर्षं ती ओढणी आमची स्कूटर पुसायला होती. अशा माणसाची मी मुलगी आहे.

राहतो जबलपूरला, चेरीतालमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. आई आधीच गेली होती. मिस्टर नोकरीला भोपाळला, महिन्यातून एकदा येतात. म्हणजे घरात बाबा, मी आणि माझी मुलगी मैत्री. ती आता आठवीत गेलीय. तिला मराठी समजतं सगळं, पण बोलताना निम्मं हिंदी. शाळेत हिंदी, गल्लीत हिंदी, मराठी काय ती आमच्या दोन खोल्यांत.

गेल्या दिवाळीनंतर बाबा बाथरूममध्ये घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पलंग काही सुटला नाही. सिहोऱ्याकडच्या शेतांतून आयुष्यभर लाईन धरून चाललेला माणूस... त्यांची इतकी चिडचिड व्हायची की विचारू नका. चहा गरम का, पंखा हळू का, पेपर उशिरा का. शेवटी मैत्रीने तिचा टॅब त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"आबाजी, हे खेळा. इथे चालायला पाय नाही लागत."

मुलांचा तो ठोकळ्यांचा गेम तुम्ही पाहिला असेल. सगळं जग चौकोनी. झाडं तोडायची, दगड फोडायचे, घर बांधायचं आणि वाटेल त्या दिशेने चालत सुटायचं. जिंकणं-हरणं काही नाही, जगाला शेवटही नाही. मला वाटलं, बाबा दोन मिनिटांत टॅब बाजूला ठेवतील. कसलं काय! आठ दिवसांत त्यांनी समुद्रकाठी घर बांधलं, शेत केलं, मेंढ्या पाळल्या. मैत्रीने त्यांच्या माणसाला लाईनमनचं पिवळं हेल्मेट घातलं. दारावर पाटी लावली, 'चेरीताल नंबर दोन'. पलंगावरचा म्हातारा आणि शाळेतून आलेली पोर, दोघं एकाच टॅबवर डोकी घालून बसायचे. मी स्वयंपाकघरातून ऐकायची, "अगं हळू! एवढी घाई काहून करून राहिली? पोल उभा कर, वर चढ, मग पाह्य."

पोल म्हणजे पायाखाली मातीचे ठोकळे रचत उंच जायचं आणि वरून आजूबाजूला बघायचं. बाबांच्या तोंडी दुसरा शब्द येणार तरी कुठून?

गेममध्ये आकडे चालू केले की आपण कुठे आहोत ते कळतं. पण बाबांनी ते बंदच ठेवायला लावले होते. "आकडे पाहून कोणी बी घरी येते. रस्ता ध्यानात ठेवायला शिक." रस्त्याची खूण म्हणून मशाली लावायच्या, एवढंच.

एकदा मैत्री म्हणाली, "आबाजी, चेरीतालमध्ये चेरीचं एक पण झाड नाही. ये कैसा चेरीताल?" त्या गेममध्ये गुलाबी फुलांची चेरीची झाडं असतात, पण कुठल्यातरी डोंगरातच, सगळीकडे नाही. बाबा म्हणाले, "आणू की. आपल्या नंबर दोनच्या दारात लावू."

मग दुपारी, मैत्री शाळेत असताना, ते एकटेच त्या झाडांच्या शोधात निघायचे. संध्याकाळी तिने विचारलं तर सांगायचे नाहीत. "आल्यावर दाखवतो." फेब्रुवारीत एका दुपारी मी शाळेतून आले तर ते झोपेतच गेलेले. टॅब उशाशी, बॅटरी संपून काळा पडलेला.

तीन महिने मैत्रीने टॅबला हात लावला नाही. मे महिन्यात, सुट्ट्या लागल्यावर, एका रविवारी दुपारी कूलरसमोर बसून तिने तो चार्ज केला आणि ते जग उघडलं. मी कॉपी, म्हणजे उत्तरपत्रिका, तपासत होते. ती एकदम किंचाळली.

"मम्मी! मम्मी, देख!"

पिवळ्या हेल्मेटचा माणूस गुलाबी झाडांच्या मधोमध उभा होता. त्याच्या थैलीत चेरीची आठ रोपं होती. शेजारी जमिनीवर अंथरूण, म्हणजे शेवटची रात्र बाबांनी तिथेच काढली होती.  मी आत जाऊन तोंड धुऊन आले, रडले ते मैत्रीला दिसू नये म्हणून.

ती मात्र तोवर भानावर आली होती. "मम्मी, पण घर कुठेय?"

तेच तर कोणाला माहीत नव्हतं. आकडे चालू करून उपयोग नाही, कारण घराचे आकडे कधी कोणी टिपलेच नव्हते. होकायंत्र बनवलं तर ते जग सुरू झालं त्या जागेकडे बोट दाखवतं, घराकडे नाही. गेममध्ये मेलं तरी त्याच अंथरुणावर जाग येणार, आणि रोपं मात्र जिथे मेलो तिथे सांडणार. बाबांच्या मशालींची रांग एका मोठ्या तळ्यापाशी येऊन संपली होती. ते होडीतून आले असणार, आणि पाण्यावर काही मशाल लागत नाही.

"नवीन जग सुरू कर ना," मी म्हणाले. आज ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

मैत्रीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शिवी दिली. "ये आबाजी आहेत, मम्मी. ह्यांना घरी न्यायचंय मला. रोपं लावायचीयत."

मी हट्ट सोडला. रोज एक तास खेळायचं, बाकी वेळ टॅब माझ्या कपाटात, किल्ली माझ्या पर्समध्ये... हा माझा नियम होता, तो मी तसाच ठेवला. पण त्या एका तासात मीही तिच्या शेजारी बसायला लागले. तळ्याच्या काठाने जमेल तेवढं आम्ही फिरलो, पण पलीकडची बाबांची रांग काही सापडली नाही. जंगल, बर्फ, वाळवंट, पुन्हा जंगल. तळंही हातातून गेलं, आणि आपण कुठून आलो हेसुद्धा कळेना. मशाली संपल्या. आठव्या दिवशी मैत्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी त्यांना अजून दूर घेऊन जाऊन राहिली," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी, पाचच्या सुमारास, तिने एका मोकळ्या जागी मोठ्या झाडाशेजारी मातीचा पोल उभा केला. वर चढून पाहिलं, चारी बाजूंना नुसतं रान. पोल वरून फोडत ती खाली आली. खालचे चार ठोकळे खूण म्हणून ठेवले, परत इथेच आलो तर ओळखायला. मी मोबाईलवर त्या स्क्रीनचा फोटो काढला. त्यात तो चार ठोकळ्यांचा पोल आणि शेजारचं झाड, दोन्ही स्वच्छ दिसतात. फोटो पुण्याला सुमेधला पाठवला. सुमेध माझा धाकटा भाऊ, कॉम्प्युटर इंजिनिअर. 'काही करता येईल का?' असं विचारलं. मग टॅब बंद केला, कपाटात ठेवला, किल्ली पर्समध्ये. बॅटरी एकसष्ट टक्के होती. मी बघते अशा गोष्टी, सवय आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला कपाट मी उघडलं, टॅब मी काढला आणि चालूही मीच केला. बॅटरी एकसष्ट. जग उघडलं. आणि...

पोलवर मशाल होती.

चौथ्या ठोकळ्याला, बाजूने लावलेली, जळत होती. शेजारच्या झाडाच्या बुंध्यावर दुसरी. त्याच्या पुढच्या झाडावर तिसरी. तिथून पुढे रानात ओळीने उजेड दिसत होता.

आता माझी प्रतिक्रिया ऐका. अंगावर काटा वगैरे काही आलं नाही. मी भडकले. मला वाटलं, पोरीने पर्समधून किल्ली काढली, मला न सांगता खेळली, आणि आता हे नाटक.

"कधी खेळलीस?"

"मम्मी, मी नाही लावली. कसम से."

"मग कोणी लावली? घरात कोण आहे तिसरं?"

ती स्क्रीनकडे बघत होती आणि तिचा चेहरा उजळत चालला होता. त्याचाच मला जास्त राग आला. मी बोलून गेले, "आबाजींच्या नावाने खोटं बोलू नको, मैत्री. त्यांना हे असलं काही चालायचं नाही, आणि तू त्यांच्याच नावावर खपवतेस?"

तिचा चेहरा पडला. तिने टॅब पलंगावर टाकला आणि दाराशी जाऊन पाठ करून उभी राहिली. "तूच खेळ मग," ती म्हणाली.

मी खेळले. रागारागात, बोटं वाकडीतिकडी चालवत, झाडांना धडकत. मशालींची रांग धरून चालत राहिले. पंधरा-वीस मिनिटांनी एक फाटा आला. दोन वाटा, दोन्हींवर मशाली. एका वाटेवर त्या माझ्या डाव्या हाताला पडत होत्या, दुसरीवर उजव्या. मी क्षणभरही थांबले नाही. लहानपणापासून बाबांचा नियम ऐकलेला. लाईनवर जाताना खूण डाव्या हाताला करायची, परत येताना ती उजव्या हाताला दिसली की समजायचं आपण घराकडे चाललो. मी उजवीवाली वाट धरली. चालत चालत एका काळ्या गुहेच्या तोंडाशी पोचले आणि आत पडता पडता वाचले.

"ही तर आबाजींची नि माझी कोळशाची गुहा!" मागून आवाज आला. मैत्री कधी येऊन उभी राहिली होती, कोण जाणे. "मम्मी, उलटी आलीस तू. पीछे चल. फाट्यावर परत जा, मशाली डाव्या हाताला ठेव."

"आबाजींचा नियम मला शिकवू नको. जाताना डाव्या, येताना उजव्या."

"तो तुझा नियम. आमचा उलटा आहे."

आणि तिने सांगितलं. पहिल्याच आठवड्यात आबाजी तिला म्हणाले होते, 'जाताना डाव्या हाताला लाव.' तिला ऐकू आलं 'दायाँ'. हिंदीत दायाँ म्हणजे उजवा! इकडच्या मराठी घरांत ही भानगड नेहमीची आहे. रिक्षात घाईत 'डावीकडे' म्हणून बघा, रिक्षा हमखास उजवीकडे वळते. पोरीने सगळ्या मशाली उजव्या हाताला लावून टाकल्या. आबाजींच्या लक्षात आलं तोवर अर्धं जंगल उजळलं होतं. ते पोट धरून हसले आणि म्हणाले, "चलो, राहू दे. तुझा डावा तोच आपला डावा. आता मीबी असाच लावीन."

मला हे माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं, त्या दोघांशिवाय.

मी टॅब तिच्या हातात दिला. ती फाट्यावर आली आणि मशाली डाव्या हाताला ठेवत निघाली. एक टेकडी, एक ओढा, मग मेंढ्या दिसल्या, आणि मग ती पाटी. चेरीताल नंबर दोन. मैत्रीने दाराच्या दोन्ही बाजूंना चार-चार रोपं लावली. त्या गेममध्ये झाडं भराभर मोठी होतात. थोड्या वेळात सगळं दार गुलाबी झालं, आणि पोरगी हसली. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा इतकी हसली, की हसता हसता रडायला लागली आणि मग आम्ही दोघी रडलो.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण गणिताची बाई आहे ना मी... त्या दुपारी कागद-पेन्सिल घेऊन बसले. फाट्यापासून पोलपर्यंतची रांग काढली आणि मशाली कुठल्या बाजूला होत्या ते मांडलं: पोलकडून येताना त्या माझ्या डाव्या हाताला होत्या, म्हणजे फाट्याकडून पोलकडे जाणाऱ्याच्या उजव्या. त्या दोघांच्या नियमाने, घरापासून लांब जाताना मशाल उजव्या हाताला. म्हणजे ती रांग हरवलेल्या माणसाने घर शोधत लावलेली नव्हती. ती घराकडून निघून आमच्याकडे आली होती. कोणीतरी घरातून निघून पोलपर्यंत आलं होतं. हे कळलं तेव्हा मात्र मी पेन्सिल खाली ठेवली.

सुमेधला फोन केला. तो म्हणाला, "ताई, सिंपल आहे. बाबा निघाले तेव्हाच त्यांनी ती रांग लावली असेल. टॅब जुना, लांबचं नीट दाखवत नाही." मी म्हटलं, बरं. आणि पोलवरची? तो पोल मैत्रीने आदल्या दिवशी माझ्यासमोर बांधला. तीन महिन्यांपूर्वी गेलेला माणूस कालच्या पोलवर मशाल कशी लावेल? तो म्हणाला, "मग मैत्रीने लावली." मी म्हटलं, फोटो उघड. त्यात पोल मोकळा, झाड मोकळं. टॅब रात्रभर बंद, कुलपात, बॅटरी तेवढीच. ते जग ऑनलाइन नाही, दुसरं कोणी आत येऊ शकत नाही. सुमेधने फाईल मागवली, आठवडाभर काहीतरी उघडून बघत बसला, आणि मग त्याचा मेसेज आला, 'ताई, सोड ना आता.' सोड म्हणजे काय? हे काही उत्तर झालं?

दुसरं उत्तर शेजारच्या तिवारी आंटींकडे तयार होतं. मैत्रीने त्यांच्या नातीला सांगितलं, नातीने आजीला. आंटी प्रसाद घेऊन आल्या. मनाने फार चांगल्या आहेत, बाबांच्या आजारपणात रोज डाळ पाठवायच्या. हळूच म्हणाल्या, "बेटा, पिताजी की आत्मा भटक रही है। ग्वारीघाट पर पूजा करवा लो।"

मी म्हटलं, "आंटीजी, जो आदमी चालीस साल लाइन पर चला और एक बार नहीं भटका, वो अब क्यों भटकेगा?"

त्या हसल्या, पण त्यांना पटलं नाही. मी प्रसाद ठेवून घेतला, पूजा ठेवून घेतली नाही.

माझी अडचण तुमच्या लक्षात येतेय का? ही भुताची गोष्ट असती तर मी ती इथे लिहिलीच नसती. बाबा आले होते असं म्हटलं, तर ज्या गोष्टीसाठी ते जन्मभर लोकांशी भांडले, तीच मी त्यांच्या माघारी त्यांच्या गळ्यात बांधतेय. नाही आले म्हटलं, तर माझी पोरगी खोटारडी ठरते. दोनच रस्ते, आणि सगळे मला म्हणतात, एक निवड.

परवा मैत्रीने स्वतःच विषय काढला. पोळ्या लाटत होते, ती ओट्याला टेकून उभी होती.

"मम्मी, तुला काय वाटते? आबाजी आले होते?"

"नाही."

तिने खाली पाहिलं. "मग मी लावली?"

"नाही. तू नाही लावली. मला माहीत आहे. त्या दिवशी मी जे बोलले ना, ते चूक होतं. सॉरी."

तिने ओट्यावरच्या पिठात बोटाने एक रेघ ओढली. मग म्हणाली, "तो फिर किसने लगाई?"

"माहीत नाही गं."

"सच में नाही माहीत?"

"सच में."

तिने माझ्या दंडावर डोकं टेकवलं, आणि मला एका हाताने पोळी उलटावी लागली.

तेव्हा खाली कमेंटमध्ये जे लिहिणार आहात ते विचार करून लिहा. 'वडिलांचा आशीर्वाद' असं लिहू नका, 'मुलं करतात असं' हेही लिहू नका. फोटो माझ्याकडे आहे, फाईल सुमेधकडे आहे. कोणाला खरंच काही सापडलं तर सांगा, मी ऐकायला तयार आहे. पण तोवर माझी मुलगी खोटं बोललेली नाही आणि माझा बाप भूत झालेला नाही. या दोघांपैकी एकालाही मी सोडणार नाही.